केनिलवर्थ रोड, ल्युटन: लीग वनची मॅच बघायला जावं का, आणि प्रमोशनने या क्लबचं नक्की काय झालं

डायरेक्ट मुद्द्यावर येतो. लंडनच्या आसपास राहत असाल आणि इंग्लिश फुटबॉल टीव्हीवर बघून बघून कंटाळा आला असेल तर एमिरेट्स, स्टॅमफर्ड ब्रिज वगैरे मोठी स्टेडियम जरा बाजूला ठेवा आणि ल्युटन टाऊनची मॅच बघायला जा. इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिच्या खाली चॅम्पियनशिप, मग लीग वन; वरच्या लीगमध्ये जाणं म्हणजे प्रमोशन. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो टीमसाठी, ग्राउंडसाठी नाही, ते खाली सविस्तर येतंय.

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे पाटाकडील विरुद्ध खंडोबा असली मॅच शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत बघितलेला माणूस, त्यामुळे मला मऊ गादीच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणारं पब्लिक झेपत नाही. कामानिमित्त इकडे आलो, घर ल्युटनच्या बाजूलाच मिळालं आणि हा क्लब गळ्यात पडला. आता ऑफिसमध्ये सगळे लिव्हरपूल नाहीतर आर्सेनलवाले, त्यांना ल्युटन म्हटलं की एअरपोर्टच आठवतो. पण दर वेळी एक प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, तुमचा क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला आणि वाट लागली ना?" म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय, ग्राउंडचा पण आणि त्या प्रमोशनचा पण, कारण आज तिथे जे बघायला मिळतं ते सगळं त्या एका वर्षामुळे आहे.

आधी जायचं कसं. सेंट पँक्रसवरून थेम्सलिंक पकडायची, फास्ट गाडी असेल तर अर्ध्या तासाच्या आसपास ल्युटन. तिथून चालत बरी पार्क. गाडी नेऊच नका, आजूबाजूला सगळी राहती घरं, अरुंद गल्ल्या, मॅचच्या दिवशी पार्किंग मिळणं म्हणजे नशीब. आणि बरी पार्क म्हणजे अख्खा देसी एरिया आहे, डन्स्टेबल रोडला लागलात की साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, कबाब, नान, हलाल बुचर, आंब्याच्या सीझनला रस्त्यावर पेट्या. बहुतेक लोक पाकिस्तानी, काश्मिरी आणि बांगलादेशी. वडापावची अपेक्षा ठेवू नका, पण समोसा आणि चहा पोटभर मिळतो. आम्ही तर मॅचच्या आधी बाहेरच खाऊन घेतो आणि मगच आत जातो, बायको शाकाहारी आहे त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

आता ग्राउंड. १९०५ पासून क्लब इथेच खेळतोय आणि इतक्या वर्षांत त्याच्या चारी बाजूंनी गाव वाढत गेलं. ओक रोडच्या बाजूचं गेट चाळवजा घरांच्या रांगेत आहे, म्हणजे दोन घरांच्या मध्ये गेट, त्यातून आत शिरायचं, लोखंडी जिना चढायचा आणि खाली बघितलं तर लोकांचं परसदार, कुणाचे कपडे वाळत घातलेले, कुणाच्या पोराची सायकल पडलेली. ते गेट पाहुण्या टीमच्या फॅन्ससाठी आहे. २०२३ ला प्रमोशन मिळालं तेव्हा जगभर याच गेटचे फोटो फिरत होते, की बघा, मँचेस्टर सिटीचा स्टार हालांड इथे खेळायला येणार.

आत गेलात की मेन स्टँडमध्ये जुन्या लाकडी खुर्च्या, छपराला आधार देणारे खांब. तिकीट काढताना रिस्ट्रिक्टेड व्ह्यू (म्हणजे खांब वगैरे आड येणारी जागा) लिहिलंय का ते नीट वाचा, स्वस्तात मिळालं म्हणून लगेच पेमेंट करू नका. पण आवाज! छप्पर खाली, माणसं मैदानाला अगदी चिकटून, कॉर्नर घेणाऱ्याला मागच्या माणसाने दिलेली शिवी ऐकू जाते. बारा हजाराच्या आतबाहेरचं पब्लिक पण साठ हजारवाल्या स्टेडियममध्ये असला आवाज होत नाही. नाद खुळा.

आता प्रमोशनची गोष्ट, आणि ती समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल. हा क्लब १९८८ ला वेम्बलीवर आर्सेनलला ३-२ हरवून लीग कप जिंकलेला. १९९२ ला टॉप डिव्हिजनमधून खाली गेला, आणि कधी, तर प्रीमियर लीग सुरू व्हायच्या फक्त काही महिने आधी. म्हणजे पैशाचा पाऊस पडायच्या वेळेलाच हे घराबाहेर. त्यानंतर घसरण अशी की २००८-०९ ला आर्थिक भानगडींमुळे ३० पॉइंट कापले गेले (१० एजंटांच्या व्यवहारांमुळे, २० दिवाळखोरीतून नियमाप्रमाणे बाहेर न पडल्यामुळे) आणि क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर पडला. पाच सीझन नॉन-लीग, म्हणजे फुटबॉल लीगच्याही खालच्या पातळीवर. फॅन्सनीच पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या कंपनीने क्लब हातात घेतला, खर्च आवरला, २०१४ ला लीगमध्ये परत, मग २०१८, २०१९ अशी दोन वर्षं लागोपाठ वर, आणि २७ मे २०२३ ला वेम्बलीवर कोव्हेंट्रीला पेनल्टीवर ६-५ हरवून प्रीमियर लीग. पेली-रडक म्पान्झू नावाचा मिडफिल्डर नॉन-लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत याच एका क्लबबरोबर आला, असं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

मग आनंद झाला, दिवाळी झाली, आणि लगेच खर्च सुरू. प्रीमियर लीगचे नियम असतात ना, टीव्ही कॅमेऱ्यांना जागा पाहिजे, फ्लडलाइट अमुक इतके पाहिजेत, पत्रकारांना खोल्या पाहिजेत, व्हीएआरच्या (व्हिडिओ बघून निर्णय देणाऱ्या पंचांच्या) वायरी पाहिजेत. त्यासाठी बॉबर्स स्टँड पाडून नव्याने बांधला, सगळं मिळून दहा मिलियन पाउंडाच्या आसपास गेले, आणि एवढं करूनही वेळेत झालं नाही म्हणून बर्नलीबरोबरची पहिली घरची मॅच पुढे ढकलावी लागली. पहिली मॅच १ सप्टेंबर २०२३ ला वेस्ट हॅमबरोबर झाली, १-२ हरलो.

ते वर्ष मात्र मी कधी विसरणार नाही. लिव्हरपूल घरी १-१, तेही शेवटच्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केली म्हणून, नाहीतर ताहिथ चोंगच्या गोलवर जिंकलोच होतो. आर्सेनलबरोबर ३-४, राइसने ९७व्या मिनिटाला मारला, अख्खं ग्राउंड एकदम गप्प. ब्रायटनला ४-० चोपलं, अडेबायोची हॅटट्रिक. न्यूकॅसलमध्ये ४-४. आणि बोर्नमथमध्ये हाफटाइमला ३-० पुढे असताना ४-३ हरून आलो, त्या रात्री जेवण गेलं नाही राव. त्याच बोर्नमथमध्ये डिसेंबरात कॅप्टन टॉम लॉकयरचं हृदय मैदानावर बंद पडलं होतं, वाचला बिचारा, त्यापुढे पॉइंट वगैरे सगळं किरकोळ. शेवटी २६ पॉइंट, १८वा नंबर, ५२ गोल मारले आणि ८५ खाल्ले. खाली.

आता फायदा की तोटा. आकडे बघा. प्रमोशनच्या आदल्या वर्षी क्लबचं उत्पन्न साधारण १८ मिलियन पाउंड होतं, प्रीमियर लीगच्या एका वर्षात १३० मिलियनच्या वर गेलं. आपल्या हिशोबात तेराशे कोटींच्या पुढे. त्यातलं बहुतेक टीव्हीचे पैसे. ल्युटनवाल्यांनी त्यातले पैसे प्लेअरवर उधळले नाहीत, वर्षाअखेर जवळजवळ ५० मिलियनचा नफा दाखवला. शिवाय खाली आल्यावर पॅराशूट पेमेंट मिळतं, म्हणजे घसरणीचा धक्का कमी व्हावा म्हणून प्रीमियर लीगकडून मिळणारे पैसे, एरवी तीन वर्षं, पण एकाच सीझनमध्ये परत आलात तर दोनच वर्षं. म्हणजे घरातल्या बँक पासबुकापुरतं बोलायचं तर या क्लबच्या इतिहासात प्रमोशनसारखा फायद्याचा सौदा झालेला नाही. हे पैसे पॉवर कोर्टला जाणार, गावाच्या मध्यभागी स्टेशनजवळ २५ हजारांचं नवीन स्टेडियम, त्याची सुधारित परवानगी डिसेंबर २०२४ ला मिळाली आणि २०२८ ला उघडायचा प्लॅन आहे. कित्येक वर्षं नुसतं कागदावर फिरणारं काम होतं ते.

पण टीम? टीमची माती झाली. २०२४-२५ ला सगळे म्हणत होते हे लगेच परत वर जाणार, आणि पहिल्याच घरच्या मॅचला बर्नलीने ४-१ धुतलं. जानेवारीत मॅनेजर रॉब एडवर्ड्स गेला, त्याच्या जागी मॅट ब्लूमफिल्ड आला, शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉममध्ये ५-३ हरून थेट लीग वन. लागोपाठ दोन वर्षं दोन पायऱ्या खाली. ऑक्टोबर २०२५ ला ब्लूमफिल्डही गेला, जॅक विल्शर आला. माझा एक स्टार इथेच कापला गेलाय.

कारण लोक सांगतात की पैसे खर्च केले नाहीत म्हणून. मला पटत नाही. चॅम्पियनशिपमध्ये आमच्यापेक्षा कमी पैसेवाले क्लब आमच्या वर संपले की. माझं मत असं की प्रीमियर लीगमध्ये वर्षभर हरून हरून टीमला हरायची सवय लागते, आणि ती सवय डिव्हिजन बदलला म्हणून जात नाही. जे चांगले खेळले ते निघून जातात, बार्कली व्हिलाला गेला, ओगबेने इप्सविचला, आणि जे राहतात ते दमलेले, नाहीतर दुखापतीत. त्यात पगार वरच्या लीगच्या हिशोबाचे, पब्लिकच्या अपेक्षा वरच्या लीगच्या. जी टीम मारामारी करत लांब बॉल टाकून वर आली, तिला एकदम सुंदर खेळायला सांगितलं तर कसं जमणार.

आणि हे आमचंच नाही. २०२३ ला वर आलेले तिघेही, बर्नली, शेफिल्ड युनायटेड आणि आम्ही, एका वर्षात खाली. २०२४ ला लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन, तेही तिघे एका वर्षात खाली. दरी एवढी झालीय. छोटं ग्राउंड म्हणून होतं म्हणाल तर बोर्नमथचं पण ११ हजारांचंच आहे आणि ते टिकून आहेत, ब्रेंटफर्ड २०२१ ला आले ते अजून आहेत. त्यांनी प्लेअर शोधायची यंत्रणा वर यायच्या आधीच बसवली होती, वर आल्यावर नाही. फरक तिथे पडतो. आणि दोनदा घसरणं म्हणजे शेवट असंही नाही, वुल्व्ह्ज २०१२ आणि २०१३ ला असेच घसरले, २०१८ ला प्रीमियर लीगमध्ये परत. संडरलँडला २०१७-१८ च्या घसरणीतून वर यायला २०२५ उजाडलं. धीर पाहिजे.

आपल्याकडे तर हा वाद घालायची पण सोय नाही बघा. आयएसएल म्हणजे आपली सगळ्यात वरची लीग, तिच्यात खालच्या आय-लीगमधून प्रमोशन २०२३ पासून सुरू झालं, पंजाब एफसी आलं, मग मोहमेडन आलं आणि २०२४-२५ ला तळाला राहिलं. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सना एप्रिल २०२५ ला आय-लीगचं चॅम्पियन जाहीर केलं आणि जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा कोर्टाने ते काढून इंटर काशीला दिलं. वर जायचं का नाही ते मैदानावर ठरलंच नाही.

असो, ग्राउंडकडे परत. बघणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर प्रीमियर लीगचं वर्ष म्हणजे तिकिटासाठी हाल होते. सीझन तिकीट किंवा मेंबरशिप नसेल तर विसराच, मित्र भारतातून आला तरी त्याला आत नेता येत नव्हतं. मॅचची वेळ टीव्हीवाले ठरवणार, आज रविवार, उद्या सोमवार रात्र. ग्राउंडमध्ये अर्धे लोक मोबाईलवर लिव्हरपूलच्या सलाहचा व्हिडिओ काढत बसलेले. आता लीग वनमध्ये तिकीट आरामात मिळतं, पोरांना घेऊन जाता येतं, आणि आजूबाजूला बसलेले लोक खरोखर ल्युटनवालेच असतात. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसतात, नॉन-लीगच्या काळात पण येणारे, त्यांना विचारलं प्रमोशन नको होतं का मग, तर म्हणाले, मी मरायच्या आधी आर्सेनलला इथे घाम फुटलेला बघितला, मला पैसे वसूल. आता यावर काय बोलणार.

आणि एक गोष्ट, मार्च २०२५ ला गावातली व्हॉक्सहॉलची फॅक्टरी बंद झाली, शंभर वर्षांपेक्षा जास्त जुनी. त्यानंतर पाच आठवड्यांत क्लब लीग वनला. तरी पुढच्या ऑगस्टला ग्राउंड रिकामं नव्हतं. वर गेल्यामुळे जे नवीन पब्लिक जोडलं गेलं, बरी पार्कमधली जी देसी पोरं केशरी जर्सी घालून फिरायला लागली, त्यातली बरीचशी टिकलीत. हा फायदा ताळेबंदात दिसत नाही पण मला तो पैशाइतकाच मोठा वाटतो, कारण ग्राउंडच्या दारात राहूनही ही पोरं आधी आत फारशी दिसायची नाहीत.

तर जायचं असेल तर पॉवर कोर्ट उघडायच्या आधी जा, ओक रोडचं ते गेट नंतर बघायला मिळणार नाही. पहिल्यांदा जाताय तर केनिलवर्थ स्टँड घ्या, गोलच्या मागे, आवाज तिथेच असतो, पण पोरं लहान असतील तर भाषा जरा कडक असते हे लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत थर्मल घालूनच. आणि मंगळवारची रात्रीची मॅच असेल तर परतीची गाडी आधीच बघून ठेवा, रुळांची कामं निघाली की बसने जावं लागतं आणि घरी पोचेपर्यंत बारा वाजतात.