गृहीतकांचा तक्ता: काही महिने वापरल्यावर

सीआयएत अनेक वर्षं काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी गुप्तचर विश्लेषकांसाठी एक पद्धत आखली आणि १९९९ साली पुस्तकातून सविस्तर मांडली. ती आम्ही सध्या ऑनलाइन अर्जाच्या स्क्रीन सुधारायला वापरतोय. डोंगर पोखरायला निघालोय असं वाटेल, पण पद्धत साधी आहे. एक तक्ता आखायचा: वर आडवी सगळी संभाव्य कारणं, म्हणजेच गृहीतकं, डावीकडे उभे पुरावे. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: हे कारण खरं असतं, तर असं दिसलं असतं का? हो असेल तर अधिक, नाही तर उणे. ज्याच्या विरोधात सगळ्यात कमी पुरावे, ते कारण टिकतं. कारणाच्या बाजूने बोलणारे पुरावे मोजत बसायचं नाही.

आमच्याकडे लोक अर्ज अर्धवट सोडत होते. तीन कारणं मांडली: अर्ज लांबलचक आहे, कागदपत्रं जोडणं जड जातं, किंवा अर्ज पूर्ण झाला असा समज होतो. ‘मोबाईलवर गळती जास्त’ हा मीटिंगमधला सगळ्यांचा लाडका पुरावा. तक्त्यात घातला तर तिन्ही कारणांशी जुळला! म्हणजे निवाड्याला बिनकामाचा. इथेच तक्त्याचे पैसे वसूल झाले.

मग काही जणांना समोर बसवून, मनात येईल ते बोलत अर्ज भरायला सांगितलं. एका बाईंनी ‘जतन करा’ दाबलं, वर हिरवी पट्टी आली: ‘माहिती जतन झाली’. “चला, झालं एकदाचं,” म्हणत त्यांनी फोन पालथा ठेवला. कागदपत्रांचं पान त्यांनी पाहिलंच नव्हतं. पुढे इतरांचंही तेच. आता बटणावर ‘पुढे: कागदपत्रे जोडा’ असतं आणि हिरवी पट्टी शेवटच्या पानावरच येते.

तक्रारी आहेतच. जे कारण कुणाला सुचलंच नाही, ते तक्ता सुचवत नाही. शिवाय वरिष्ठांना आकडा हवा असतो, मग अधिक-उण्याची बेरीज सुरू होते आणि कमकुवत पुरावाही भक्कम पुराव्याच्या पंगतीला बसतो. चार-पाच जणांच्या चाचणीतून अडचण आहे हे कळतं, ती किती टक्के लोकांना येते हे नाही. हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. आणि तक्ता वेळ खातो. बटणाच्या रंगासाठी कुणी तक्ता काढला, तर मी मीटिंगमधून उठून जाईन.

मतभेद असतील तिथे मात्र वापरत राहणार. फक्त यापुढे तक्ता चाचणीच्या आधी आखायचा, म्हणजे समोरचा माणूस अर्ज भरताना नेमकं काय टिपायचं ते आधीच ठरलेलं असेल.