संपाच्या दिवशी भेटलेला मदतनीस

2019 च्या जानेवारीत बेस्टचा संप नऊ दिवस चालला, तेव्हा मी नोकरीत होते. पार्ल्याहून दादरपर्यंत लोकल आणि दादरहून वरळीच्या कचेरीपर्यंत बस, हा माझा अनेक वर्षांचा रस्ता. त्या नऊ दिवसांत कधी चालत, कधी दुप्पट भाडे मागणाऱ्या शेअर टॅक्सीत चौथी म्हणून अंग चोरून बसत मी रोज वेळेवर पोहोचले आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच परदेश प्रवासात, पॅरिसच्या संपात मी सहज फसले. मुंबईकराला संपाचे काय सांगता, हा माझा तोरा त्या फसवणुकीत बराच उपयोगी पडला, अर्थात फसवणाऱ्याला.

फ्रान्समधला तो संप 5 डिसेंबर 2019 रोजी सुरू झाला. तिथल्या सरकारला बेचाळीस वेगवेगळ्या निवृत्तिवेतन योजना मोडून सगळ्यांसाठी गुणांवर (पॉइंट्सवर) आधारलेली एकच योजना आणायची होती. मेट्रो आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या जुन्या योजनेनुसार लवकर निवृत्त होता येत असे, त्यामुळे सर्वांत कडक संप त्यांनीच केला. मी स्वतः नुकतीच निवृत्त झालेली असल्याने माझी सहानुभूती त्यांच्याच बाजूला होती. माझे विमान 9 तारखेच्या सोमवारी पहाटे उतरणार होते. ताईने तिकीट रद्द करायला सांगितले, पण चित्रकार लिओनार्दो दा विंचीच्या पाचशेव्या स्मृतिवर्षानिमित्त लूव्र संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनाचे बुधवारचे तिकीट मी दोन महिने आधी काढले होते आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती.

विमानात शेजारी ठाण्याचा एक मुलगा होता. तो पॅरिसमध्ये नोकरीला होता. उतरताना तो म्हणाला, "काकू, माझी बॅग पट्ट्यावर यायची आहे, थोडं थांबता का? टॅक्सीच्या रांगेत बरोबरच उभे राहू." माझ्याकडे एकच चाकांची लहान बॅग होती, तीही विमानात बरोबर नेलेली. कमी सामानात फिरण्याची मला हौस आहे आणि इतरांसाठी ताटकळण्याचा कंटाळा आहे. मी त्याचा फोन नंबर घेतला आणि पुढे निघाले.

शार्ल द गोल विमानतळ शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. एरवी तिथून आरईआर बी नावाची उपनगरी गाडी थेट शहराच्या मधोमध नेते. मी सरकत्या जिन्याने त्या स्थानकाकडे निघाले असताना गडद निळ्या जाकिटातला एक मध्यमवयीन गृहस्थ शेजारून चालू लागला. त्याच्या गळ्यात फितीला अडकवलेले ओळखपत्र होते आणि हातात टॅब्लेट. स्वच्छ इंग्रजीत तो म्हणाला, "मॅडम, आज गाड्या जवळजवळ नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा." आणि तो मला खरोखरच स्थानकाच्या फाटकापर्यंत घेऊन गेला. फलकावर दोन-तीनच गाड्या होत्या आणि पुढची पाऊण तासाने. खाली फलाटावर जी गर्दी दिसत होती, ती पाहून मला सकाळची विरार लोकल आठवली. त्याने टॅब्लेटवर मेट्रोच्या मार्गांची यादीही उघडून दाखवली. बहुतेक सगळ्या मार्गांपुढे लाल खूण होती. नंतर तपासले तेव्हा हेही अगदी खरे निघाले.

त्या माणसाने मला पहिल्या दहा मिनिटांत एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. गाड्या जवळजवळ नव्हत्या, मेट्रोचे बहुतेक मार्ग बंद होते, शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवर प्रचंड कोंडी होती. माझे आयुष्य विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्यात गेले आहे. समोरचा माणूस जे सांगतो ते पडताळून पाहायचे, ही सवय हाडात भिनलेली आहे, आणि मी ते पडताळलेही. चार गोष्टी खऱ्या निघाल्यावर पाचवीकडे मी पाहिलेच नाही. पाचवी गोष्ट अशी होती: "टॅक्सीच्या अधिकृत रांगेत अडीच तास लागतील. आमच्या कंपनीची गाडी तयार आहे, दर ठरलेला आहे, कार्डाने पैसे द्या, पावती मिळेल." रांग आम्ही उभे होतो तिथून दिसत नव्हती. दोन मिनिटे चालून ती पाहता आली असती.

दादर स्थानकाबाहेर किंवा सहारला विमानतळावर कोणी "टॅक्सी, मॅडम?" म्हणत जवळ आले, तर मी मान वळवूनही पाहत नाही. तीस वर्षांत कधी पाहिलेले नाही. इथे मात्र त्या माणसाने टॅक्सी हा शब्द आधी उच्चारलाच नाही. आधी त्याने मला संप समजावून सांगितला. परक्या शहरात, रात्रभर न झोपलेल्या अवस्थेत, बाहेर साडेसातलाही मिट्ट काळोख असताना कोणीतरी आपली अडचण समजून घेतो आहे, या भावनेनेच मी अर्धी विकली गेले होते.

तो मला वाहनतळाच्या दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. तिथे काळ्या रंगाची मोठी, चकचकीत गाडी उभी होती. छपरावर दिवा नव्हता, आत मीटर नव्हते. चालक वेगळाच होता. त्याने माझी बॅग डिकीत टाकली, निळ्या जाकिटाने हसून माझा निरोप घेतला आणि गाडी निघाली. भाडे किती, असे मी दोनदा विचारले. "दरपत्रकावर लिहिलेलं आहे, मॅडम, सरकारी दर," एवढेच उत्तर मिळाले.

माझे हॉटेल गार द ल्यों स्थानकाजवळ होते. दीड तासाने गाडी एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढे एकदिशा मार्ग असल्याने हॉटेलच्या दारापर्यंत जाता येणार नाही, असे चालक म्हणाला. हॉटेलच्या दारातल्या कोणी हा व्यवहार पाहू नये यासाठी ती जागा निवडलेली होती, हे मला नंतर चालत गेल्यावर उमगले, कारण रस्ता दुहेरी होता. तिथे त्याने प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक तक्ता माझ्या हातात दिला. वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत "संपकाळातील दर" असे छापलेले होते. किलोमीटरला 7 युरो याप्रमाणे सत्तावीस किलोमीटरचे 189, सामानाचे 11 आणि वाहतूक कोंडीचे 30. मी मनातल्या मनात बेरीज केली. 230 आली, बरोबर होती. तेव्हाच्या भावाने अठरा हजार रुपये. मी म्हटले, हे फार होते. तो म्हणाला, "मी फक्त चालक आहे, दर कंपनीचा आहे." बॅग डिकीत होती आणि डिकी बंद होती.

मी प्रवासी चलनाचे (फॉरेक्स) कार्ड दिले, यंत्रात पिन टाकला. त्याने यंत्र स्वतःकडे वळवले, ओठ दुमडले आणि म्हणाला, "व्यवहार झाला नाही. नेटवर्क मिळत नाही." यंत्राच्या पडद्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी होते आणि ते मला अर्ध्या क्षणापुरते दिसले. त्याने खिशातून दुसरे यंत्र काढले. मी पुन्हा पिन टाकला. या वेळी एक लहानशी चिठ्ठी बाहेर आली. ती त्याने मला दिली, बॅग काढून पदपथावर ठेवली आणि तो गेला. गाडीचा क्रमांक टिपण्याचे मला सुचले तोवर ती वळली होती.

हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या तरुणीने सहज विचारले, कशा आलात. मी आकडा सांगितला. तिने पेन खाली ठेवले आणि कागदावर "50" लिहून कागद माझ्याकडे सरकवला. तिच्याकडून आणि पुढे ठाण्याच्या त्या मुलाकडून जे समजले ते असे. शार्ल द गोल आणि पॅरिस शहर यांमधले टॅक्सीचे भाडे मार्च 2016 पासून कायद्यानेच ठरलेले आहे. त्या वेळी ते सेन नदीच्या उजव्या किनाऱ्यावर 50 युरो आणि डाव्या किनाऱ्यावर 55 युरो होते. पुढे ते वाढले आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी चालू आकडा पाहून घ्यावा. पण पद्धत तीच आहे. सामान असो, रात्र असो, सुट्टी असो, कोंडीत दोन तास जावोत, त्या आकड्यात फरक पडत नाही. संपासाठी वेगळा दर नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. खऱ्या टॅक्सीच्या छपरावर दिवा असतो, तो रिकामी असताना हिरवा आणि भाडे असताना लाल दिसतो. आत मीटर असते आणि कार्ड नाकारता येत नाही. 25 युरो आणि त्यावरच्या भाड्याची पावती देणे चालकावर बंधनकारक आहे. खाजगी गाड्यांना आधी आरक्षण असल्याशिवाय प्रवासी घेताच येत नाही, त्यामुळे विमानतळाच्या आत येऊन गाडी देऊ करणारा माणूस, त्याच्या गळ्यात कितीही ओळखपत्रे लटकत असली तरी, त्या क्षणीच बेकायदा ठरतो.

दुपारी त्या मुलाचा संदेश आला: "काकू, नीट पोहोचलात ना? मला रांगेत चाळीस मिनिटं लागली."

मी त्याला "हो" एवढेच कळवले. खरे दोन दिवसांनी सांगितले.

त्या रात्री खात्याचा तपशील उघडला तेव्हा 230 च्या दोन नोंदी दिसल्या, दोन मिनिटांच्या अंतराने. 'नेटवर्क न मिळालेले' पहिले यंत्रही आपले काम चोख बजावून गेले होते. माझ्या मुंबईच्या नंबरावर परदेशात संदेश येण्याची सोय मी पैसे वाचवण्यासाठी घेतली नव्हती, नाहीतर गाडीत बसल्या बसल्याच पहिला व्यवहार झाल्याचे कळले असते. या एका काटकसरीचा मला अजूनही राग येतो. ज्यांना एकटीने किंवा एकट्याने जायचे आहे त्यांनी बाकी काय हवे ते वाचवावे, पण बँकेचा संदेश तत्काळ मिळेल एवढी व्यवस्था करावीच. यंत्र "चालले नाही" असे कोणी म्हटले, तर न झालेल्या व्यवहाराची छापील चिठ्ठी मागावी, आणि ती मिळेपर्यंत दुसऱ्या यंत्राला हात लावू नये.

उरलेला आठवडा, गंमत अशी की, संपातच फार सुरळीत गेला. पॅरिस मेट्रोचे मार्ग क्रमांक 1 आणि 14 चालकाविना धावतात, त्यामुळे चालक संपावर गेले तरी ते चालू राहिले, आणि ते दोन्ही गार द ल्योंला थांबतात. लूव्रला मी मार्ग 1 ने पाले रोयालपर्यंत गेले आणि ओलिंपियाद स्थानकाच्या बाजूला मार्ग 14 ने. गर्दी भयंकर होती. फलाटावर काचेची दारे असूनही लोक ढकलत होते. पण दारापाशी आडवे होऊन खांदा आधी आत घालायचा, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाकी सगळीकडे पायी गेले. हे दोन मार्ग चालू आहेत, ही माहिती निळ्या जाकिटाच्या टॅब्लेटवरही होतीच, त्याच यादीत, बाकीच्या लाल खुणांमध्ये. विमानतळाहून शहरात आणणारे ते मार्ग नव्हते, त्यामुळे मीही त्यांच्याकडे लक्ष दिले नाही आणि त्याने तर देऊच दिले नाही.

परतीच्या दिवशी मी स्थानकाबाहेरच्या टॅक्सी तळावर पंचवीस मिनिटे उभी राहिले. गाडीच्या मागच्या काचेवर दर छापलेला कागद चिकटवलेला होता, 50 आणि 55. वयस्क चालक वाटेत एक शब्द बोलला नाही, विमानतळावर त्याने न मागता पावती फाडून दिली. आत शिरताना छतापासून लटकलेला एक फलक दिसला. जवळ येऊन गाडी देऊ करणाऱ्यांबरोबर जाऊ नका, अशी सूचना त्यावर होती. आठ दिवसांपूर्वी मी बहुधा त्याच्याखालूनच त्या माणसाबरोबर चालत गेले असेन.

ताई आणि भावजी पुढे इटलीला निघाले तेव्हा मी आधी तिथल्या संपांचे पाहिले. इटलीत वाहतुकीचा संप आधी जाहीर करावा लागतो आणि संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक रेल्वेगाड्या चालवणे बंधनकारक असते. मी ताईच्या वहीत पहिल्या पानावर त्या वेळा आणि विमानतळ ते शहर या प्रवासाचे ठरलेले भाडे लिहून दिले. भावजी म्हणाले, "एवढं कशाला, तिथं कोणी ना कोणी सांगेलच." ताईने माझ्याकडे पाहिले आणि वही पर्समध्ये ठेवली.

बँकेकडे मी मुंबईत परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तक्रार केली. फॉर्मवर 'वादग्रस्त व्यवहाराचे स्वरूप' असा रकाना होता. दोन्ही नोंदींमध्ये विक्रेत्याच्या नावाच्या जागी तीन अर्थहीन अक्षरे होती, टॅक्सीचा किंवा प्रवासाचा कुठे उल्लेख नव्हता, आणि माझ्याकडची चिठ्ठी तोपर्यंत इतकी फिकट झाली होती की तिच्यावरचा आकडाही तिरपी धरून वाचावा लागत होता. फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या नोंदीचे 230 युरो परत आले, कारण एकाच रकमेचे दोन व्यवहार दोन मिनिटांत झाले होते. पहिल्या नोंदीबद्दल पत्र आले: व्यवहार कार्डधारकाने स्वतः पिन टाकून केलेला असल्याने दावा मान्य करता येत नाही. दाव्यांच्या विभागात मी स्वतः अशी पत्रे लिहिली आहेत. वाक्यरचना जवळपास माझीच होती.