बाळ कुठून येतं: कार्यशाळेने गाळलेलं एक वाक्य

मुलगा अकराचा, मुलगी नऊची. ‘बाळ पोटात जातं कसं?’ या प्रश्नाला दोन वर्षं ‘मोठी झालीस की सांगेन’ म्हणत टोलवत होते. शेवटी पालक आणि मुलांच्या एका कार्यशाळेत तिघांची नावं घातली. आपलं अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, एवढाच हिशोब.

सुरुवात झकास झाली. शिकवणाऱ्या ताईंनी काळ्या कागदाला अगदी बारीक सुईचं टोक लावून भोक पाडलं आणि दिव्यासमोर धरलं. म्हणाल्या, ‘स्त्रीबीज याच्याहूनही लहान.’ साधारण ०.१ मिलिमीटर! शुक्राणू तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. लेकीने तो कागद मागून घेतला. जठर वेगळं आणि गर्भाशय वेगळं हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आपण जेवतो ते बाळाच्या डोक्यावर पडत असणार, असं तिला इतके दिवस वाटत होतं. हा दोष आमचाच. ‘पोटात बाळ’ म्हणून आपण मोकळे होतो. इथे शिश्न, वृषण, योनी हे शब्द हात-पाय म्हणावं तसे सहज उच्चारले गेले, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर कुणी खिदळलंही नाही.

मग मुलगे एका खोलीत, मुली दुसरीत. हे मला पटलं नाही. मुलींना सांगितलं की आधी छातीत बदल दिसतात, पाळी त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षांनी, आणि सुरुवातीला ती मागेपुढे होते. एका पाळीत एकूण दोन-तीन मोठे चमचेच रक्त जातं. मुलग्यांच्या कानावर यातलं काहीच नाही. संध्याकाळी बहिणीने भावाला वाटीत चमच्याने पाणी मोजून दाखवलं. तो म्हणाला, ‘एवढंच?’

त्याच्या खोलीत आवाज फुटणं, मिसरूड, झोपेत वीर्य बाहेर येणं, सगळं झालं. पण या वयात पुष्कळ मुलग्यांचीही छाती थोडी सुजते, दुखते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते, हे राहून गेलं. माझा मुलगा दोन महिने दप्तर छातीशी धरून का चालतो, ते मला तेव्हा कुठे उमगलं. त्याला मीच सांगितलं.

खरी तक्रार पुढे आहे. ‘मग स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येतात’ म्हणून ताई थेट नऊ महिन्यांवर पोचल्या. निनावी प्रश्नांच्या डब्यात लेकीची चिठ्ठी होती (अक्षर मी ओळखते): ‘एकत्र कसे येतात? चालत?’ ताई हसल्या, ‘हे आईबाबा सांगतील,’ म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी उघडली. अहो, त्यासाठीच तर आम्ही आलो होतो!

पाचपैकी तीन तारे. शरीराची ओळख करून द्यायला जरूर जा, पण मधलं वाक्य घरूनच तयार ठेवा. मी त्या रात्री दिवा मालवून सांगितलं: मोठी झालेली दोन माणसं, दोघांची इच्छा असेल तर खूप जवळ येतात, पुरुषाचं शिश्न स्त्रीच्या योनीत जातं, तिथून शुक्राणू पोहत पुढे जातात. जेमतेम अर्धं मिनिट लागलं. अंधारात बराच वेळ शांतता. मग आवाज आला, ‘आई, तो भोकाचा कागद उद्या शाळेत नेऊ?’