‘एक लाख लुमेन’च्या बॅटरीत गेले ३,१९६ रुपये

बॅटरी (टॉर्च) २,४९९, घरपोच रोखीचे ९९, जादा दोन सेलचे ५९८. एकूण ३,१९६ रुपये पाण्यात. आणि ही काही हौस नव्हती. मराठवाड्यात शेतीची लाईट कित्येकदा रात्रीच येते. हरभऱ्याला दारं धरायची तर पायाखालचा साप आणि बांधावरचं रानडुक्कर दिसलंच पाहिजे. नेमकं हेच हेरून जाहिरात केलेली: ‘खास शेतकऱ्यांसाठी, १,००,००० लुमेन, ९,९०० एमएएच’. लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप, एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं.

पार्सल हातात आलं तेव्हाच हलकं लागलं. तिथंच ओळखायला हवं होतं! पण पैसे मोजल्याशिवाय डबा उघडू देत नाहीत, मग माणसानं ओळखावं कसं? १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. हा सोनाराच्या काट्यावर २६ भरला. टेस्टरवर निघाले ६४० एमएएच. या मापात चांगल्यातला चांगला सेल ३,५०० च्या आसपास असतो. ९,९०० छापलेलं दिसलं की समजा, खोटं.

लुमेनचा हिशोबही करून बघा. एका वॅटला १०० लुमेन धरले तरी लाखाला १,००० वॅट लागतात, इस्त्रीइतके. ३,५०० एमएएचच्या सेलमध्ये साडेबारा वॅट-तास असतात. ४५ सेकंदांत खलास!

चीड याची येते की खरी चीज आता फार सुंदर झाली आहे. २१७०० मापाचा सेल (५,००० एमएएच, वजन ७० ग्रॅमच्या आसपास) घातलेली मुठीएवढी बॅटरी हजार लुमेन देते. ३०० लुमेनवर ठेवली तर पाच-सहा तास चालते, आणि सर्किट चांगलं असेल तर सेल उतरत आला तरी उजेड मंदावत नाही. फोकस लांब हवा असेल तर लुमेन नाही, कॅन्डेला (झोताच्या तीव्रतेचं माप) विचारा. २२,५०० कॅन्डेला म्हणजे कागदावर ३०० मीटर.

तक्रारीचं काय सांगावं! ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रोख दिलेत, ग्राहक आयोगात जा. कुरिअरवाला म्हणतो, आम्ही फक्त पोचवतो. पार्सलवरचा नंबर बंद. तीन हजारांसाठी कशाला हेलपाटे घालता, हेही वर ऐकवलं. कुणाचे तीन हजार? ज्याचे गेले त्यालाच विचारा ना! अर्ज घ्यायला यांचा हात का थरथरतो?

ऑनलाइन पैसे दिले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलसकट. सेल वेगळा निघत नसेल तर ती बॅटरी घेऊच नका. आणि असला नकली सेल घरात आला असेल तर रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका. त्यात जादा चार्ज तोडणारं सर्किट बहुधा नसतं, पेट घेऊ शकतो.