सहा महिने हायड्रोमार्कर: समतल रेषेच्या प्रात्यक्षिकांत काय जमलं, काय चुकलं

वनशास्त्र असो की कृषी अभियांत्रिकी, मृद व जलसंधारणाच्या पेपराला डम्पी लेव्हल, म्हणजे दुर्बिणीतून पातळी मोजायचं यंत्र, शिकवली जातेच. तरी पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांच्या हाती हायड्रोमार्कर, म्हणजे दोन काठ्यांना बांधलेली पाण्याची नळी द्यावी, असं एक सत्र वापरून झाल्यावर ठाम मत झालं आहे. समतल म्हणजे काय ते पाणी डोळ्यांसमोर दाखवतं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या प्रशिक्षणांतून हे साधन गावोगाव पोचलं. पदवीच्या वर्गात मात्र त्याला अजून दुय्यम स्थान आहे.

आमचा संच असा: दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, प्रत्येकीवर तळापासून सेंटीमीटरची पट्टी, आतून 10 मिमी व्यासाची 15 मीटर पारदर्शक नळी (तिची टोकं काठ्यांना बांधायची) आणि काठ्यांमधलं अंतर मोजायला न ताणणारी 10 मीटर दोरी. पाणी लिटरभर लागतं. 6 मिमीची नळी घेऊ नका; तिच्यात बुडबुडे अडकतात आणि पाणी स्थिरावायला वेळ लागतो. काठीच्या बुडाला 10 सेंमी चौरस प्लायवूडचा तुकडा ठोका. नांगरलेल्या किंवा भुसभुशीत जमिनीत उघडी काठी दोन-तीन सेंमी सहज रुतते आणि वाचनच बिघडतं.

भरताना घाई नको. बादली उंचावर ठेवून नळीचं एक टोक पाण्यात बुडवायचं, दुसऱ्या टोकाने पाणी ओढायचं आणि थोडं वाहू द्यायचं. पाणी आदल्या रात्री काढून ठेवलेलं असावं. ताजं, थंड पाणी उन्हात तापलं की विरघळलेली हवा सुटते आणि दुपारपर्यंत नळीत बुडबुडे दिसू लागतात. नळीच्या आडव्या भागातला बुडबुडा फारसा नडत नाही, पण काठीलगतच्या उभ्या भागात 5 सेंमी लांबीचा बुडबुडा राहिला तर पातळीत जवळपास तेवढाच फरक पडतो. रंगासाठी पोटॅशियम परमँगनेट टाळा, नळीला आतून तपकिरी डाग पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या खुणेवर पाणी आलं की फक्की मारा, एवढंच शिकवतात. थोडंसं पाणी सांडलं तरी ही पद्धत फसते आणि रेषा हळूहळू उतरत किंवा चढत जाते. त्यापेक्षा दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचावेत: ते सारखे म्हणजे दोन्ही बुडं समतलात. शिवाय दोन्ही आकड्यांची बेरीज प्रत्येक ठिकाणी तीच आली पाहिजे. सुरुवातीला 75 आणि 75 असेल, तर उतारावर 45 आणि 105, बेरीज 150. ती 147 झाली की कुठेतरी गळती आहे किंवा पाणी सांडलंय. दोन वाचनांतला फरक तरीही खरा असतो, म्हणून काम थांबवायची गरज नाही. वरच्या उदाहरणात फरक 60 सेंमी. 10 मीटर दोरीवर उतार 6 टक्के.

दुसरी चूक पट्टीची. एका काठीची पट्टी तळापासून 5 मिमी वर चिकटली असेल आणि तीच काठी कायम पुढे जात असेल, तर 30 ठिकाणांत 15 सेंमी चूक साचते. या रेषेवर खोदायचा समतल चर 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल असतो, म्हणजे अर्धी खोली गेली! पाणी एका टोकाला जमतं आणि मातीचा बांध तिथेच फुटतो. उपाय सोपा आहे: काठ्या आलटून-पालटून पुढे न्यायच्या. मागची काठी उचलून पुढच्या काठीच्या पलीकडे ठेवायची, पुढची जागेवरच राहते. चूक एकदा वर, एकदा खाली पडते आणि मिटते.

पाणी हलवल्यावर 15–20 सेकंद थांबावं, ते झुलत असतं. वाचन डोळ्यांच्या पातळीवर, पाण्याच्या खोलगट तळाशी. एक काठी सावलीत आणि दुसरी कडक उन्हात नको. 20 आणि 40 अंशांच्या पाण्यात मीटरभर उंचीला साधारण 6 मिमी फरक पडतो. 12–13 टक्क्यांहून तीव्र उतारावर पाणी खालच्या टोकातून सांडायला लागतं, तिथे दोरी निम्मी करून 5 मीटरवर वाचावं. बोरी-बाभळीच्या काट्यांतून नळी ओढू नका, उचलून न्या.

सहा महिन्यांनी नळी पिवळसर आणि कडक झाली, विशेषतः काठीला तार आवळली होती तिथे. तारेऐवजी कापडी पट्टी बांधली असती तर ती जास्त टिकली असती. एकदा पाणी तसंच ठेवल्यावर आत शेवाळ धरलं आणि वाचन अवघड झालं. रोज रिकामी करून, सैल वेटोळी घालून सावलीत टांगावी. पावसाळ्यात लाकडी काठ्या फुगून वाकतात, ॲल्युमिनियमची चौकोनी नळी बरी. बंधाऱ्याचा पाया किंवा सांडव्याची पातळी यासाठी मात्र हे साधन वापरू नका, तिथे डम्पी लेव्हलच लावा.