लातूर, ट्युशन एरिया: तळघरातली अभ्यासिका, दोन महिन्यांचा अनुभव

लेकीच्या नीटच्या तयारीसाठी उदगीरहून लातुरात खोली करून राहते. एप्रिलात तिच्यासाठी एका तळघरातल्या अभ्यासिकेत जागा घेतली. महिना हजार रुपये, आगाऊ. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत.

टेबल स्वतंत्र, चार्जिंगची सोय, जारचं थंड पाणी, लाईट गेली तर इन्व्हर्टर. शांतताही भरपूर. यात बोट ठेवायला जागा नाही.

तक्रार हवेची. पोरगी दुपारी घरी यायची ती डोकं धरूनच. मालकांना म्हटलं, "दादा, खाली फार कोंदट होतंय." ते म्हणाले, "वास येतोय का ताई? फ्रेशनर मारतो." मारला, मोगऱ्याचा. डोकं दुखायचं थांबलं नाही.

घोळ शब्दातच झाला होता. वास मारते ती कुबट हवा, पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीसारखी. कोंदट हवेला वास असलाच पाहिजे असं नाही. चुलीचा धूर घरात कोंदतो, कारण त्याला बाहेर जायला वाट नसते. माणसांच्या श्वासांचंही तसंच. आणि दमट म्हणजे ओल धरलेली हवा, ते आणखी वेगळं.

एकदा मी स्वतः तासभर खाली बसले. बत्तीस टेबलं भरलेली. छताजवळ एकच झरोका, त्यालाही धूळ येते म्हणून पुठ्ठा ठोकलेला. कूलर कोपऱ्यात, आतच. कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळाली आणि समोरून ती निघून जायला वाट असली, तरच तो गारवा देतो. इथं तो तीच ती हवा ओल्या गवतातून फिरवत होता. लेकीच्या वहीची पानं इतकी मऊ पडली होती की उलटताना आवाज येत नव्हता. म्हणजे कोंदट होतंच, वर दमटही झालं.

घरी हे बोलत होतो तर लेकीने मिआझ्मा हा शब्द सांगितला. सडक्या, घाण हवेतूनच रोग होतात असं युरोपातले डॉक्टर पूर्वी मानायचे, त्या हवेला हे ग्रीक नाव. मलेरिया हे नावही इटालियनमधल्या 'वाईट हवा' या शब्दांवरूनच आलं. मग 1897 साली रोनाल्ड रॉस या इंग्रज सरकारच्या डॉक्टरला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. आपला मराठवाडाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे हवेचं ते कारण चुकीचं निघालं, पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारख्या बाईने त्याच समजुतीपायी रुग्णांच्या खोल्यांच्या खिडक्या उघडायला लावल्या, ते मला फार मोलाचं वाटतं.

दुसऱ्यांदा मालकांना नीट फोड करून सांगितलं, "वासाचं नाही दादा, हवेला वाट नाही." त्यांनी त्याच दिवशी पुठ्ठा काढला. थोडा फरक पडला. कूलर मात्र हलला नाही, त्याला लावायला खिडकीच नाही. जूनमध्ये आम्ही जागा सोडली. आता दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोर खिडक्या असलेली घेतली आहे, शंभर रुपये जास्त देऊन. डोकं दुखत नाही.

पाचपैकी दोन. जागा बघायला जाल तर सकाळी जाऊ नका, रिकामी खोली मोकळीच वाटते. दुपारी तीनला, सगळी टेबलं भरलेली असताना जा आणि अर्धा तास बसा.