तिहुआना, ट्रॉलीने आणि पायी: पाचपैकी चार तारे, एक शिक्क्यांनी खाल्ला

अमेरिकेतल्या सॅन डिएगोहून ब्लू लाइन ट्रॉलीने (शहरातली हलकी रेल्वे) सीमेवरचं सॅन इसिद्रो, तिथून पायी मेक्सिकोतलं तिहुआना, संध्याकाळी परत. ट्रॉली कुठून सुटते, पेडईस्ट (पायी सीमा ओलांडायचा पूर्वेकडचा नाका) कुठे आहे, हे बहुतेकांना माहीत असणार, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. बरेच महिने वापरून झाल्यावरचं मत असं: एवढ्या कमी पैशात दुसऱ्या देशात जेवून रात्री आपल्या अंथरुणात झोपता येईल, अशी दुसरी सोय या भागात नाही. तरीही पाचवा तारा देत नाही. सगळे परतीच्या रांगेच्या नावाने खडे फोडतात, पण माझी तक्रार रांगेबद्दल नाही. ती आहे पासपोर्टच्या पानांबद्दल.

आधी खर्च. मी वापरत होतो तेव्हा प्रोंटो या ट्रॉलीच्या भाडेकार्डावर एकेरी भाडं २.५० डॉलर होतं, म्हणजे जाऊन-येऊन ५ डॉलर. दर बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. कार्ड फलाटावरच्या यंत्राला चढण्यापूर्वी टेकवायचं. इथे मेट्रोसारखं दार नाही, कोणी अडवत नाही, त्यामुळे नवखे लोक थेट डब्यात जाऊन बसतात आणि मग तपासनीस येतो. मोबाइलमधलं ॲप वापरत असाल तरी कोड यंत्रासमोर धरावाच लागतो. नुसते पैसे भरलेले असून चालत नाही. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोत एक कार्ड ही काटकसर चालत नाही.

गाडी आणायचीच असेल तर ती आयरिस अव्हेन्यू किंवा पाम अव्हेन्यू स्टेशनच्या फुकट पार्किंगमध्ये लावा आणि शेवटची काही स्टेशनं ट्रॉलीने या. सीमेला खेटून असलेल्या खाजगी पार्किंगवाल्यांना सुट्टीच्या दिवशी पैसे देण्यात काही अर्थ नाही. गाडी पलीकडे न्यायची तर मेक्सिकोत चालणारा वेगळा विमा काढावा लागतो, आणि परतताना गाड्यांच्या रांगेत बसावं लागतं ते वेगळंच. पायी जाण्यात हे दोन्ही वाचतं.

सॅन इसिद्रोला उतरल्यावर गर्दी जाते तिकडे चालत राहायचं. पुढे लोखंडी फिरतं दार येतं. ते एकाच दिशेने फिरतं. त्यातून पाऊल पुढे पडलं की ट्रॉलीत राहिलेली छत्री आणायलाही मागे फिरता येत नाही. मागे यायचं म्हणजे अमेरिकेत प्रवेशाची पूर्ण रांग लावून यायचं. कागदपत्रं त्या दाराच्या अलीकडेच एकदा हाताने चाचपून घ्या. पश्चिमेचा पायी नाका, पेडवेस्ट, डिसेंबर २०२३ मध्ये बंद करण्यात आला. जुन्या व्हिडिओंमध्ये आउटलेट मॉलकडून जाणारा तो रस्ता दाखवतात, त्याच्या भरवशावर मॉलकडे गाडी लावू नका. आणि सीबीएक्स हा पूल वेगळा, तो फक्त तिहुआना विमानतळाच्या प्रवाशांसाठी. तिथे बोर्डिंग पास लागतो.

दारापुढे मेक्सिकोचं इमिग्रेशन. मेक्सिकन नागरिकांची रांग वेगळी, परदेशी लोकांची वेगळी. परदेशी रांग सकाळी बहुधा लहान असते. अधिकारी विचारतो कुठे जाणार, किती दिवस. उत्तर ठरलेलं: ‘सोलो पोर उन दिया’, फक्त एक दिवस. सात दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला जमिनीवरच्या नाक्यावर शुल्क नाही, त्याहून जास्त दिवस मागितले तर पैसे भरावे लागतात. म्हणून ‘बघू, दोन आठवडे लिहा’ वगैरे दिलदारपणा नको. मग तो शिक्का मारतो आणि दिवसांचा आकडा पेनाने लिहितो.

आता हा शिक्का. तो मारताना अधिकारी पासपोर्ट मध्येच कुठेतरी उघडतो, कोरं पान दिसलं की त्याच्या बरोब्बर मधोमध ठोकतो आणि पुढच्याला बोलावतो. पानाच्या चार कोपऱ्यांत चार शिक्के आरामात मावले असते. मधोमध एक मारला की उरलेल्या पट्ट्यांत दुसरा नीट बसत नाही, आणि पुढचा अधिकारी नवं पान शोधतो. भारताचा साधा पासपोर्ट ३६ पानांचा. त्यात माहितीची पानं वजा करा. अमेरिकेचा व्हिसा अख्खं पान घेतो, मुदत संपून नूतनीकरण झालं की आणखी एक. महिन्यातून एक-दोनदा टाको खायला जाणाऱ्या माणसाची पानं दहा वर्षं पुरत नाहीत, हा तोंडी हिशेब आहे. ५ डॉलरच्या सहलीत मूठभर चौरस सेंटिमीटर शाई बसते आणि त्याची किंमत पासपोर्टच्या नूतनीकरणात वसूल होते: शुल्क, फोटो, कागद पाठवणं, वाट पाहणं. शिवाय नवीन पासपोर्टचा क्रमांक वेगळा आणि अमेरिकन व्हिसा मात्र जुन्यातच, त्यामुळे पुढे प्रत्येक प्रवासात दोन्ही पुस्तकं जवळ बाळगायची.

उपाय दोन. पहिला, पासपोर्ट बंद करून द्यायचा नाही. आधीचा मेक्सिकन शिक्का असलेलं पान उघडून, अंगठा कोऱ्या कोपऱ्याशेजारी ठेवून द्यायचा आणि म्हणायचं, ‘एन ला मिस्मा पाहिना, पोर फावोर’, त्याच पानावर, कृपया. हसतमुखाने म्हटलं तर बहुतेक वेळा ऐकतात. पानावर चिकटपट्टी, कागदी खूण, पेन्सिलची रेघ असलं काही करू नका. पासपोर्टशी छेडछाड वाटेल असं काहीही अंगाशी येऊ शकतं. दुसरा उपाय, नूतनीकरणाच्या अर्जात ६० पानांचा पर्याय निवडायचा. भारतात ३६ पानांना १,५०० आणि ६० पानांना २,००० रुपये असा फरक आहे. पाचशे रुपयांत चोवीस पानं. आपल्याकडे लोक यावर विचार न करता पहिल्या रकान्यावर टिचकी मारतात.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की पानं सोडली तर सगळं आलबेल. आधी मलाही तेच वाटत होतं, म्हणून खालचा भाग नंतर जोडला आहे.

सुधारणा: एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांसाठी पानांपेक्षा मोठा खड्डा वेगळाच आहे. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण ही सूट अमेरिकेचा वैध व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा मेक्सिकोला मान्य असलेला तसाच दुसरा कागद असेल तरच. पासपोर्टमधला व्हिसा संपलेला आहे आणि हातात फक्त आय-७९७ (मुक्काम वाढवून दिल्याचं मंजुरीपत्र) आहे, अशा लोकांना अमेरिका परत घेते: तीस दिवसांच्या आतली मेक्सिको किंवा कॅनडाची फेरी, वैध आय-९४ (अमेरिकेत कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल याची प्रवेश-नोंद), आणि तिथे नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला नसला की संपलेला व्हिसा आपोआप वाढवलेला धरतात. हा नियम ऐकून लोक खुशीत निघतात. पण हा नियम अमेरिकेचा. मेक्सिकोच्या खिडकीवर संपलेला व्हिसा हा संपलेलाच, आणि मंजुरीपत्र त्यांच्या लेखी साधा कागद. परतीची सोय पक्की, जायची सोय नाही, असा उलटा प्रकार. तोवर ते फिरतं दार मागे पडलेलं असतं. एफ-१ विद्यार्थ्यांनाही तेच, शिवाय कॉलेजने दिलेल्या आय-२० या पत्रावर प्रवासाची चालू सही हवी. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डाबरोबर पासपोर्टही न्यायचा.

तिहुआनात काय करायचं यावर ढीगभर लिहून झालंय, म्हणून कामाचं तेवढंच. नदीवरचा पादचारी पूल ओलांडून कमानीपर्यंत, म्हणजे अव्हेनिदा रेवोलुसिओनच्या टोकापर्यंत, सुमारे वीस मिनिटं चाल. बाहेर पडताच पिवळ्या टॅक्सीवाले गाठतात. त्यांना मीटर नाही, बसायचंच तर भाडं आधी ठरवा, नाहीतर उबर मागवा. खरेदीसाठी रेवोलुसिओनवरच्या रंगीत टोप्यांपेक्षा सोना रिओ भागातला मेरकादो इदाल्गो हा बाजार चांगला: सुक्या मिरच्यांचे ढीग, चिंच, चीज, मोले या सॉसचे मसाले. जवळच सेकुट हे सांस्कृतिक केंद्र, त्याचा मोठा गोल घुमट लांबूनच दिसतो. सीझर सॅलडचं श्रेय ज्या हॉटेलाला देतात ते रेवोलुसिओनवर आहे, वेटर टेबलाशी उभा राहून सॅलड कालवतो. किंमत त्या तमाशाची आहे.

शाकाहाऱ्यांनी दोन शब्द पाठ करावेत. राजम्यासारखी दिसणारी ती मऊ घोटलेली उसळ पुष्कळदा डुकराच्या चरबीत करतात, म्हणून ‘सिन मान्तेका’. आणि तोस्तिलोकोस, म्हणजे चिप्सची पिशवी आडवी फाडून वर काकडी, हिकामा हा कंद, शेंगदाणे, लिंबू, तिखट, चिंचेचं आंबटगोड; आपल्या भेळेची ही मेक्सिकन मावसबहीणच. त्यात डुकराच्या कातडीच्या लोणच्याचे तुकडे असतात, म्हणून ‘सिन कुएरितोस’.

डॉलर सगळीकडे चालतात, पण दुकानदार स्वतःच्या दराने घेतो. बँकेच्या एटीएममधून पेसो काढा. यंत्र मध्येच ‘आम्ही आत्ताच डॉलरमध्ये बदलून देतो’ असं विचारतं, तिथे नकार द्या; नकार दिला तरी पैसे येतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो. सुटे पेसो जवळ ठेवा, स्वच्छतागृहाला ते लागतात, आणि परतीच्या रांगेत उभं राहण्याआधी तिथे जाऊन येणं सक्तीचं समजा. घड्याळ बदलायचं नाही. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली तरी सीमेवरच्या शहरांना त्यातून वगळलंय, त्यामुळे तिहुआना आणि सॅन डिएगोची वेळ एकच.

आता ती बदनाम रांग. या नाक्यावरून दिवसाला सरासरी वीस हजार माणसं पायी उत्तरेकडे येतात. त्यातली कित्येक तिहुआनात राहून सॅन डिएगोत कामाला किंवा शाळेत जाणारी. म्हणून कामाच्या दिवशी पहाटेपासून सकाळपर्यंत रांग तुंबते आणि रविवारी संध्याकाळी, सुट्टीच्या शेवटी पुन्हा तुंबते. मंगळवार-बुधवारची दुपार सगळ्यात बरी. सीमेवरची प्रतीक्षा दाखवणाऱ्या ॲपवरचा आकडा हा अंदाज आहे. रांगेचं शेपूट स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच ‘अजून एक कॉफी’ ठरवा. ग्रीन कार्डात चिप असल्याने त्यांना रेडी लेन ही वेगळी रांग मिळते, आणि ती झपझप सरकते. साधा व्हिसा असलेल्यांना सर्वसाधारण रांग. एका कुटुंबात दोन्ही प्रकार असतील तर सगळ्यांनी सर्वसाधारण रांगेतच उभं राहावं, नाहीतर एकजण पलीकडे तासभर ताटकळतो.

ताजी फळं, भाज्या, मांस आणू नका. मार्च-एप्रिलपासून बाजारात पिवळेधम्मक अताउल्फो आंबे दिसतात आणि मराठी माणसाचा हात पिशवीकडे जातो. तिथेच कापून, चाखून संपवा. जे काही आणताय ते विचारल्यावर सांगा. न सांगितलेलं सापडलं की दंड, आणि त्याची नोंद पुढच्या प्रवेशांना आडवी येऊ शकते. दारू प्रौढ माणशी एक लिटर.

परतल्यावर त्याच रात्री आय-९४ च्या संकेतस्थळावर आपली नोंद उघडून तारीख तपासा. तीस दिवसांच्या आत आलात तर जुनाच आय-९४ चालतो, पण अधिकाऱ्याने नवीन दिला आणि पासपोर्ट लवकर संपत असला, तर त्यावर पासपोर्ट संपण्याचीच तारीख पडू शकते. आय-७९७ वर २०२८ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहिलेले लोक इथेच फसतात. जमिनीवरच्या नाक्यावर नवीन आय-९४ चं शुल्कही सप्टेंबर २०२५ अखेर ६ वरून ३० डॉलर झालं, तेव्हा जुना वैध असेल तर त्याची छापील प्रत आधीच पुढे करा.

भेटीला आलेल्या आई-बाबांना जरूर न्या, त्यांच्या बी-१/बी-२ (पाहुण्यांच्या) व्हिसावर मेक्सिकोत जाता येतं. मात्र एक दिवस तिहुआनाला जाऊन आल्याने त्यांचे अमेरिकेतले सहा महिने नव्याने सुरू होत नाहीत; ते होतात असं सांगणाऱ्या काकांकडे दुर्लक्ष करा. सर्वसाधारण रांगेत बसायला जागा नाही. गुडघे दुखत असतील तर घडीचं छोटं स्टूल घ्या, आणि जेवण लवकर आटपून तीनच्या आत रांगेला लागा.